दीड इंचाचं स्थळ

अनेकांतला मिळणार होता दीड इंच. बायोडाटात उंची पाच फूट सात लिहिली होती. ती खोटी नव्हती, फक्त जुनी होती. नऊ वर्षं उचगावच्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढं पोक काढून बसल्यावर त्यातला दीड इंच खुर्चीनं खाल्ला. आणि इचलकरंजीची दीपा भरत होती पाच फूट सहा. तिचा फोटो आल्यापासून पोराला दुसरं काही सुचत नव्हतं.

म्हणून वडील बापूसोंनी त्याला मंगळवार पेठेतल्या कायरोप्रॅक्टरकडं धाडलं. ऋतुराज डॉक्टरांनी बारा बैठकांत मान-पाठ कडाकडा वाजवून पोरगा सरळ केला. शेवटची बैठक बघण्याच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी झाली. दोन दिवस कमरेत वाकायचं नाही, असं त्यांनी बजावलं. ऑफिसचा माणूस, सूचना म्हटली की पाळणारच.

इचलकरंजीत दीपाची आज्जी राजमती पाय पुढं करूनच बसली होती. अनेकांत तिच्यापुढं विजेच्या खांबासारखा उभा राहिला आणि वरूनच हात जोडून जय जिनेंद्र म्हणाला. आज्जीनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"पोरगा लई ताठ हाय की, पावणं."

बापूसोंची छाती फुगली. "व्हय तर. सोप्पं न्हाय ते. बारा बैठका लागल्यात."

"आणि आता असाच ऱ्हाणार?"

"जल्मभर. डॉक्टरनं ग्यारंटी दिलीया."

दाराआड दीपा ओढणी तोंडात कोंबून हसत होती. पण निकाल आज्जीच्या हातात. संध्याकाळी फोन आला, पोरगी एवढ्यात द्यायची नाही म्हणून. बापूसो चक्रावले. एवढं कौतुक करून नकार कसा?

"आप्पा," अनेकांत म्हणाला, "ती माझ्या पाठीबद्दल बोलत नव्हती."

दुसऱ्या दिवशी बापूसो एकटेच इचलकरंजीला गेले. घडलं ते सांगितलं आणि पोराच्या वाटचे नमस्कार स्वतः घालायला लागले. आज्जी, चुलता, चुलती, मामा. अकराव्या पायांशी पाठ धरली, ती सुटेना. दोघांनी तसंच वाकलेलं उचलून गाडीत घातलं. आज्जी डोळे पुसेपर्यंत हसली. एवढा वाकणारा बाप असलेल्या घरात पोरगी द्यायला हरकत नाही, म्हणाली.

सुपारी फुटली. फोटोत अनेकांत दीपापेक्षा बरोबर एक इंच उंच दिसतो. शेजारी बापूसो, कमरेला पट्टा. परवा ऋतुराज डॉक्टरांनी त्यांना भिंतीला लावून मोजलं. दीड इंच कमी भरले.