लेंड्यांची मोजणी

"दाजी, जूनचाच आकडा टाका. कोण येतंय इथे लेंड्या मोजायला?" मी म्हणालो.

कासिमिरो दाजी, माझ्या बहिणीचे, एन्कार्नाचे यजमान, गुडघे टेकून माती न्याहाळत होते. सव्वीस वर्षं ते या राखीव रानाचे रखवालदार. ठरलेल्या बारा वर्तुळांत सशांच्या लेंड्या मोजायच्या आणि मग वर्तुळ झाडून साफ करायचं, हे त्यांचं काम. लेंड्या जास्त म्हणजे ससे जास्त; ससे जास्त असले की आमच्या शिकार मंडळाला परवाना. मंडळाचा अध्यक्ष मी.

मार्चमध्ये गुडघे धरले म्हणून दाजींनी मोजणी केली, पण झाडायचं सोडून दिलं. लेंड्या धुऊन नेईल असा पाऊसही पडला नाही. जुन्या लेंड्या जूनमध्ये नव्यांसोबत मोजल्या गेल्या आणि आकडा दुप्पट झाला. दाजींना चूक उमगली तोवर परवाना निघाला होता. ते गप्प बसले. आम्ही सप्टेंबरपर्यंत, इथला उन्हाळाभर, रानावर तुटून पडलो. घरोघरी सशाचा भात शिजला. खोटं कशाला बोलू, मजा आली.

आता ऑक्टोबर. हे बारावं वर्तुळ.

"शून्य," दाजी म्हणाले.

"अहो, मंडळाला टाळं लागेल!"

"लागू दे. मारायला उरलंय काय? दोन पिल्लांची लिंक्स होती ना ओढ्याकडे, सशांवरच जगणारी ती मोठी रानमांजर? पिल्लं उपाशी मेली, बासिलिओ. परवा मीच पुरली. मूठभरसुद्धा नव्हती."

तरी निर्लज्जासारखा म्हणालोच, "पेन्शनला वर्ष राहिलंय तुमच्या. एन्कार्नाला काय सांगणार?"

"कालच सांगितलं."

"मग?"

"तिने पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून ठेवलीय. उद्या साहेबांपुढे उभं राहायचंय ना."

त्यांनी कागद मांडीवर घेतला. शून्य लिहिलं. खाली शेऱ्याच्या जागी सावकाश, शाळकरी अक्षरात लिहिलं: मार्चमध्ये वर्तुळं झाडली नाहीत. जूनचा आकडा खोटा. कळूनही गप्प बसलो. मला त्यांचा राग आला होता, पण त्यांच्याकडे बघायचीही लाज वाटत होती.

तेवढ्यात माझी म्हातारी कुत्री सवयीने एका बिळाशी गेली आणि तिने तोंड आत घातलं. बाहेर काढलं तेव्हा नाकावर कोळ्याचं जाळं चिकटलं होतं. पंजाने ते पुसत ती माझ्याकडे बघत राहिली.