लाल टिपका नसलेली स्लाइड

"बाबा, मशीन आपोआप चित्राची डावी बाजू उजवीकडे नेतं का हो?"

हे विचारून दाखवायची पैज मुलीच्या मैत्रिणींनी तिच्याशी लावली होती. आणि तिने विचारलं कधी? भंगारवाल्याने मला उचललं तेव्हा! मित्रांनो, ते मशीन म्हणजे मी.

मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रात मी बावीस वर्षं उजेड पाडला, अगदी खराखुरा. दर रविवारी तिचे बाबा व्याख्यान द्यायचे. हिमनदीने दरी कशी कोरली, व्यापाऱ्यांचा तांडा बर्फात कसा गडप झाला, सगळं रंगवून सांगायचे. आई दिवे मालवायची. प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात लाल टिपका असे. स्लाइड घालताना तो उजव्या अंगठ्याखाली आला की ती बरोबर बसली. टाळ्या पडल्या की मला वाटायचं, यातल्या निम्म्या माझ्या!

पुढे स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटी कुजल्या. बाबांनी चित्रं नव्या चौकटींत घातली, पण टिपके द्यायचे राहून गेले.

"अगं, मी डोळे मिटूनसुद्धा लावीन," ते आईला म्हणाले.

मग एका रविवारी जवळच्या खिंडीची स्लाइड उलटी बसली, चित्राची डावी बाजू उजवीकडे गेली. खिंडीला दोन उतार. एकावरून बर्फाचे कडे कोसळतात, दुसरा सुरक्षित. बाबांनी नेहमीसारखी घातकी उतारावरची खडकाची काळी नक्षी ओळखून काठी टेकवली. "हा घातकी. दुसऱ्या अंगाने जा." डावं-उजवं ते कधी म्हणायचेच नाहीत.

पहिल्या रांगेत एक भाऊ-बहीण बसले होते. भाऊ कुजबुजला, "ताई, म्हणजे डावीकडून हं. तुझं डावं-उजवं कच्चं आहे!"

"गप रे, शहाण्या."

चूक मला दिसत होती. पण ओरडायला मला तोंड कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी ताज्या बर्फाने ती नक्षी झाकून टाकली होती. दोघं डावीकडून गेली. चार दिवसांनी कोसळलेल्या बर्फाखाली सापडली. ताईची बोटं भावाच्या पिशवीच्या पट्ट्यात अडकलेली होती.

चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं, 'यंत्रातील बिघाडामुळे चित्र उलटे पडले'. व्याख्यानं बंद पडली. तीन वर्षं मी कपाटात होतो. काचेवर बुरशी चढली, माझं नाव घेताना लोक आवाज खाली करू लागले. मग परवा तिने मला गुपचूप बाहेर काढून तीच स्लाइड लावली. एकदा अशी, एकदा तशी. आणि तिला कळलं, हाताने स्लाइड उलटी घातली तरच चित्र उलटं पडतं.

म्हणून तो प्रश्न.

"नाही गं," बाबा म्हणाले. "मशीन काही करत नाही. हात माझा होता."

"अहो, परक्या माणसासमोर काय हे!" आई कळवळली.

भंगारवाल्याने मला हळूच टेबलावर ठेवलं.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण तो एवढासा टिपका द्यायला विसरू नका. आणि विसरलात, तर तसं सांगा.

तिने लाल शाई आणली, टिपका दिला आणि म्हणाली, "आई, बाबा, माझं ठरलंय. येत्या रविवारी व्याख्यान मी देणार. खिंडीची स्लाइड आधी उलटी दाखवणार, मग सुलटी. हात कुणाचा होता, तेही सांगणार. आणि बाबा, तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं."