नवख्यांची काठी

मी एक गळाची काठी बोलतेय. रॉड म्हणा हवं तर, धक्क्यावर सगळे तेच म्हणतात.

कारखान्यात काचतंतूंचं कापड सळईवर गुंडाळून मला भट्टीत भाजलं. मग एका बाईने माझ्या अंगावर दोरीसाठी कड्या बांधल्या, दोऱ्याचे वेढे देत आणि शेजारणीला सासूची गाऱ्हाणी सांगत. तेवढं माझं बालपण.

काठीचा जीव शेंड्यात असतो. मासा आमिषाला नुसतं तोंड लावतो तेव्हा शेंडा थरथरतो आणि ती थरथर मुठीपर्यंत पोचते. माझा शेंडा पहिल्याच वर्षी बोटीच्या केबिनच्या दारात सापडला. ज्या पाहुण्याने दार लावलं तो "सॉरी" म्हणाला आणि चहा प्यायला गेला. कॅप्टनने मोडकं टोक कापून तिथे एक जाड कडी चिकटवली. तेव्हापासून मला काही कळत नाही. वाईटही वाटत नाही.

कॅप्टन मला टाकून देईल असं वाटलं होतं, त्याने उलट बढती दिली. हौशी लोकांना बोटीतून जिताडा मासा धरायला नेणं हा त्याचा धंदा. नवख्याची खोड अशी, की मासा जरा चाचपू लागला की हा हिसका मारतो, आणि जिताडा आमिष थुंकून पसार. हातात मी असले की चाचपणं कळतच नाही. मासा निवांत गिळतो, गळ आपोआप रुततो, आणि पाहुणा फुशारक्या मारत घरी जातो. "नवख्याला बधिर काठी," असं कॅप्टन स्वतःशी म्हणतो. पाहुण्यांना मात्र कधी सांगत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एका सकाळी एक शिंपी आले, मुलीचा हात धरून. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात सुन्न होता. सुई धरली आहे की पडली, हे डोळ्यांनी बघावं लागे.

"या मास्तर, सावकाश," म्हणत कॅप्टनने त्यांना बसवलं. काठी धरताना त्यांची बोटं अडखळली. कॅप्टनला वाटलं, नवखे. त्याने मला पुढे केलं.

मास्तरांनी डाव्या अंगठ्याने माझ्यावरचा दोरा चाचपला. "बांधणी सुरेख आहे. शेवट कुठे लपवलाय, सापडत नाही." कौतुकाची मला सवय नाही.

इंजिन सुरू झालं. त्या आवाजात ते मुलीला म्हणाले, "ठरल्याप्रमाणे हं. लहानपणी मी दोरी बोटाला गुंडाळून खाडीवर बसायचो. डुलकी लागली तरी मासा कळायचा. आज या हाताला कळलं तर दुकान चालू ठेवायचं. नाही कळलं तर विकून मोकळं व्हायचं."

"बाबा, अशी पैज लावतात का कुणी?"

"मी लावतो."

सुकाणूपाशी उभ्या कॅप्टनला यातलं काही ऐकू गेलं नाही.

खडकांपाशी बोट थांबली. मास्तर डोळे मिटून, मला उजव्या मुठीत धरून बसले. थोड्या वेळाने पाण्यावरची दोरी जराशी सरकली. मला काही कळलं नाही, त्यांनाही नाही. कॅप्टनने पाहिलं आणि शिरस्त्याप्रमाणे तो गप्प राहिला. दोरी पुन्हा सरकली. मग मी एकदम कमानीसारखी वाकले.

"उचला मास्तर, उचला!"

जिताडा बोटीत आला. कॅप्टनने टाळ्या वाजवल्या. "नशीब काढलंत!"

"यानं आधी तोंड लावलं होतं?"

"लावलं होतं की! चांगला चाटून गेला."

"मला नाही कळलं," मास्तर म्हणाले. मग कापड आखूड निघाल्यासारखं शांतपणे, "सोडून द्या त्याला."

परत आल्यावर ते गाडीत जाऊन बसले. मुलीला राहवलं नाही. मला धूत असलेल्या कॅप्टनला तिने सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला.

"अहो ताई, आधी सांगायचं नाही का? ही काठीच बधिर आहे! मलासुद्धा हिच्यातून काही कळत नाही."

दोघंही गाडीकडे धावली. ओली मी कॅप्टनच्या हातात तशीच.

"बाबा, तुमचा हात नव्हे, काठी बधिर होती! हे स्वतः सांगताहेत."

मास्तरांनी आम्हा तिघांकडे पाहिलं. "किती समजूत घालशील गं माझी? आता यांनाही कामाला लावलंस."

"मास्तर, देवाशप्पथ खरं. उद्या या, चांगली काठी देतो."

"तुम्ही भले आहात," मास्तर म्हणाले. "पण कपडा बिघडला म्हणून मी कधी कात्रीला बोल लावला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

त्यांनी काच वर केली. मुलगी वळसा घालून चालकाच्या जागी बसली. मग गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी नवे पाहुणे आले आणि कॅप्टनने मलाच काढलं. धंदा आहे. आताही मी धक्क्यावर अशीच टेकून उभी आहे, आणि मला काही वाटत नाही. फक्त एक मनात येतं. जवळची माणसं धीर द्यायला खोटं बोलतात, हे मास्तर जाणून होते, म्हणून खरं सांगणारी दोघंही खोटी ठरली. माझं कदाचित ऐकलं असतं. काठीला कुणाची समजूत घालायची नसते.

तेव्हा तुम्ही कधी कपडे शिवायला टाकायला गेलात आणि गादीवर नवा माणूस दिसला, तर जुन्या मास्तरांचं घर विचारा. त्यांना माझा एवढा निरोप द्या: तुमच्या हाताचं मला माहीत नाही मास्तर, पण त्या दिवशी अंगण खरंच वाकडं होतं.