पुहोईला गेलेलं प्रस्थान

प्रस्थानाच्या पिशवीत पासपोर्ट घालायचे हे कांचनच्या डोक्यात कुठून आलं, देव जाणे!

सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बजावलं होतं, "शनिवारी अमावास्या आहे, घर सोडू नका." जर्मनीचं विमान नेमकं शनिवारचं. मग तोडगाही त्यांनीच काढला. बुधवारी दिवस चांगला आहे, तेव्हा प्रस्थान ठेवा. म्हणजे आपल्या सामानातलं थोडं काहीतरी शेजारी नेऊन ठेवायचं, की झाला प्रवास सुरू. निघताना ते उचलायचं आणि थेट पुढे जायचं, घरात परत आणायचं नाही. लोक त्या पिशवीत सुपारी, हळदकुंकू, फार तर एखादा टॉवेल घालतात. पण कांचन पडली हॉस्पिटलातली फार्मासिस्ट, करायचं ते पक्कं करायचं. प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू कोणती, असा तिनं विचार केला आणि दोघांचे पासपोर्ट लाल पिशवीत घालून शेजारच्या अस्मिताकडे दिले.

शनिवारी उजाडता उजाडता बघते तर काय, अस्मिताच्या दाराला कुलूप! अस्मिता नर्स, मूळची नागपूरची, स्वभावानं सोनं आणि उत्साहानं वादळ. कांचननं तिला फोन लावला.

"ताई, काही काळजी करू नका," अस्मिता म्हणाली. "प्रस्थान जायच्या दिशेला ठेवलं तर आणखी चांगलं म्हणे, मी वाचलं ना. मी मैत्रिणीच्या लग्नाला पुहोईला आलेय, येताना पिशवीही आणली. तुम्ही ऑकलंडलाच येणार आहात, म्हणजे डबल शुभ!"

"अगं बाई, पासपोर्ट आहेत त्यात!"

बारीक आवाजात अस्मिता म्हणाली, "ताई... मग पुहोईवरूनच जाल का?"

म्हणजे न्यूझीलंडमधल्या या पामर्स्टन नॉर्थहून दिवसभराची गाडी हाकत ऑकलंड, ते ओलांडून आणखी उत्तरेला पुहोई आणि तिथून उलटं विमानतळावर. विमान संध्याकाळचं. वाटेत कुठे रस्ता बंद निघाला, की जर्मनी गेली.

आणि ही जर्मनी कांचनची नव्हतीच, ती तिच्या नवऱ्याची, चारुदत्तची होती. कॉलेजात असताना तो पुण्यात जर्मनच्या वर्गाला जायचा. तिकडे शिकायला जायचं सगळं ठरतही आलं होतं. तेवढ्यात लग्न झालं, कांचनला न्यूझीलंडमध्ये नोकरी लागली आणि "चल, तुझं आधी," म्हणत तो हसत हसत इकडे आला. आता तो गवतावर संशोधन करतो, गाईंना कुठलं गवत आवडतं ते त्याला पाठ आहे. पण खऱ्या जर्मन माणसाशी एक वाक्यही तो आजवर बोललेला नाही. गावात जर्मन प्रवासी पोरं दिसली तरी हा पठ्ठ्या रस्ता ओलांडून पलीकडे जातो. आपण बोलायला जावं आणि त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यावं, ही त्याची भीती. कांचनला ती कधीची ठाऊक होती.

गाडी कांचननं घेतली. चारुदत्त शेजारी बसला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पण तो फक्त म्हणाला, "असू दे गं, पुढच्या वर्षी जाऊ." पुढचं वर्ष, पुढचं वर्ष म्हणत केस पांढरे झाले होते दोघांचे.

वाटेतलं बुल्स गाव आलं तशी ती एकदम म्हणाली, "फ्रांकफुर्ट!"

"काय?"

"हे फ्रांकफुर्ट आहे. आपण उतरलो, गाडी भाड्यानं घेतली. आता सांग, पुढचं गाव कुठलं?"

त्यानं तिच्याकडे वेड लागल्यासारखं बघितलं. मग घसा साफ केला. "वुर्त्सबुर्ग. तिथे बिशपचा राजवाडा आहे."

वुर्त्सबुर्ग म्हणजे ताइहापे. आणि ताइहापेत राजवाडा कुठला? तिथे पत्र्याचा एक अवाढव्य गमबूट उभा आहे. "तो बघ राजवाडा," चारुदत्त गंभीरपणे म्हणाला, "छताचं काम बघ, काय बारीक आहे!" कांचनला असं हसू फुटलं, की गाडी कडेला घ्यावी लागली.

मग काय, दोघं सुटलेच! डेझर्ट रोडचा झाला जर्मनीतला प्रसिद्ध रोमँटिक रोड. बाजूला लष्कराच्या 'आत येऊ नका' अशा पाट्या, आणि हा म्हणतोय, "फार रोमँटिक आहे हो, जिवावर बेतेल असं!" तौपोचं तळं झालं कॉन्स्टान्सचं सरोवर. तिथे त्यांनी सासूबाईंनी सांगितलेल्या दशम्या खाल्ल्या आणि चारुदत्तनं रोटेनबुर्गच्या तटबंदीवरून चालताना डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय दिसतं ते हात नाचवत दाखवलं. शेजारच्या बाकावरचं कुटुंब आ वासून बघत होतं. तिराउला पत्र्याची कुत्र्याच्या आकाराची इमारत दिसली, तेव्हा कांचन हात जोडून म्हणाली, "अय्या, कॅथेड्रल!" आजवर एवढा मोठा नवरा तिनं एवढा लहान झालेला पाहिला नव्हता. पासपोर्ट मधूनच आठवायचे, की ती ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबायची.

पुहोईला पोचले तेव्हा दुपार कलली होती. बोहेमियातून आलेल्या, जर्मन बोलणाऱ्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी वसवलेलं हे गाव. छोटी नदी, पांढरं चर्च, जुना पब. पबच्या अंगणात लग्नाची माणसं जमली होती. पैठणी, वर कार्डिगन आणि पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, अशा थाटात अस्मिता धावत आली.

"सॉरी, सॉरी, हीप्स सॉरी! पिशवी आतल्या खोलीत आहे, आणते. पण भाऊजी, आधी एक काम करा ना. नवरा मुलगा जर्मन आहे, त्याची आजी तिकडून, क्वेडलिनबुर्गहून आलीय. तिला इंग्रजी येत नाही. नवरा फोटोंत अडकलाय आणि म्हातारी सकाळपासून एकटी बसलीय. तुम्हाला येतं ना जर्मन?"

झाडाखालच्या बाकावर निळ्या ड्रेसमधली आजी मांडीवर पर्स धरून बसली होती. अस्मितानं चारुदत्तला जवळजवळ ढकललंच. आजीनं वर बघितलं आणि जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. प्रश्न मोठा आणि आवाज मऊ होता.

चारुदत्त थिजला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता हा रस्ता ओलांडून पळणार, हे कांचननं ओळखलं.

तिला जर्मनचं ओ की ठो कळत नव्हतं. पण तिनं मान ताठ केली आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "आइन त्सिमर मिट ब्लिक आउफ डेन मार्क्टप्लात्स, बिट्टे!"

आजीनं डोळे मोठे केले. चारुदत्तनं कांचनकडे बघितलं. त्या वाक्याचा अर्थ होता, चौकाकडे खिडकी असलेली एक खोली द्या, प्लीज. ऑकलंडच्या उत्तरेला, नदीकाठी, कोणाच्या तरी लग्नात!

आजी पर्स धरून गदागदा हसायला लागली. हसता हसता तिनं काहीतरी उत्तर दिलं, आणि चारुदत्तच्या तोंडून आपसूक एक वाक्य बाहेर पडलं. मग दुसरं. मग तो बाकावर बसलाच. आजीनं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि दोघं असे बोलत सुटले, की मध्ये शिरायला कोणाला फट सापडेना. चारुदत्त अडखळायचा, आजी शब्द पुरवायची, तो "या, या!" म्हणून मांडीवर थाप मारायचा. कांचन तशीच उभी राहून बघत राहिली. तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"ताई, विमान!" अस्मिता किंचाळली.

अरे देवा! कांचननं नवऱ्याला दंडाला धरून ओढलं, आजीनं त्याच्या गालाचा मुका घेतला, दोघं गाडीत कोंबले गेले, गाडी सुटली. आणि वळणावर आरशात बघते तर अस्मिता लाल पिशवी डोक्यावर नाचवत, एका हातात जँडल्स धरून अनवाणी पळत येतेय! प्रस्थान परत एकदा मागेच राहिलं होतं.

पासपोर्ट चारुदत्तच्या मांडीवर आले आणि गाडी हायवेला लागली, तेव्हा कुठे दोघांचा श्वास जागेवर आला. विमान मिळणार होतं.

"काय म्हणत होती रे आजी?"

"पुढच्या शुक्रवारी ती परत क्वेडलिनबुर्गला असेल. म्हणाली, हॉटेल कशाला, माझ्याकडेच उतरा. खोली आहे. चौक दिसतो, पण मान जरा बाहेर काढावी लागते." तो हसला आणि मग तिच्याकडे वळला. "कांचन, तुला ते वाक्य कसं येतं? मी तर कधी तुझ्यासमोर म्हटलं नाही."

"समोर नाही म्हटलंस," कांचन म्हणाली. "लग्न झाल्यापासून रोज शॉवरखाली म्हणतोस. मी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी असते, गरम पाणी उरतंय का बघत."