तीनशे बारा जणांची रास

गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत आईला हॉस्पिटलात भरती करायचं होतं, आणि सकाळी साडेआठला मोबाइल बघून आई म्हणाली, "आज नको."

पाच महिने ती हेच म्हणत होती. हृदयाची झडप अरुंद होत चालली होती, एक जिना चढताना ती तीनदा बसायची. सर्जननी तर निक्षून सांगितलं होतं, शुक्रवारचं ऑपरेशन टळलं तर पुढे तिला भूलही झेपणार नाही.

"दाखव तरी काय लिहिलंय," मुलगा म्हणाला.

"दाखवलं की फळत नाही," म्हणून इतके दिवस मोबाइल लपवणाऱ्या आईने आज कंटाळून तो पुढे केला. वर मकरेचं चिन्ह आणि खाली, 'आजचा दिवस मोठ्या निर्णयासाठी अनुकूल नाही. थांबावे.'

मुलाने ते दोनदा वाचलं. वाक्य त्याचंच होतं.

राशिभविष्याचं ते ॲप चालवणाऱ्या कंपनीत तो प्रोग्रामर होता. भविष्य लिहायला रसायनशास्त्राचे एक निवृत्त मास्तर होते. याने एकच वाक्य लिहिलेलं, वाचकाची रास ओळखता आली नाही तर दाखवायचं. कुणाचं नुकसान नको म्हणून बेताबेताने लिहिलं होतं.

ऑफिसात जाऊन त्याने आईची नोंद उघडली. पडद्यावर मकर मकरेसारखीच. मग त्याने चिन्हामागचे आकडे काढले. कम्प्युटरला चित्र कळत नाही, क्रमांक कळतो, आणि मकरेचा क्रमांक २६५१. आईच्या मकरेला मागे अजून एक चिकटला होता, एफ-ई-शून्य-ई. हा डोळ्यांना दिसत नाही. आधीचं चिन्ह रंगीत चौकटीत नको, साधं काढा, एवढीच त्याची सूचना. डिझायनरला जांभळ्या चौकटी टूथपेस्टच्या जाहिरातीसारख्या वाटल्या, म्हणून यानेच तो नोंदणीच्या पानावरच्या चिन्हांना जोडला होता. चार तासांनी साहेबांना जांभळा रंग आवडू लागला आणि यानेच तो क्रमांक पानावरून हटवला. मधल्या वेळात याने हौसेने आईची नोंदणी करून टाकली होती. आता ॲप सगळीच चिन्हं जांभळ्या चौकटीत दाखवत होतं, म्हणून माणसाला दोन्ही मकरा सारख्या. प्रोग्रामच्या लेखी दुसरी ही रासच नव्हे.

त्या चार तासांत आलेले तीनशे बारा जण पाच महिने रोज थांबत होते. तक्रार एकाचीही नाही. उलट त्यांनी ॲपला सरासरी चार पूर्णांक आठ तारे दिले होते. खऱ्या बारा राशी मिळून तीनवर अडकल्या होत्या.

त्या जादा क्रमांकाचं शेपूट छाटलं असतं तर आईला मकरेचं भविष्य दिसलं असतं. ते त्याने पाहिलं, 'प्रवासात सामान सांभाळा.' उपयोग शून्य. एकट्या आईपुरता बदल करायचा तर साहेबांची मंजुरी हवी, आणि साहेब सोमवारी उगवणार. वाक्य मात्र जागेवर बदलता येत होतं, पण तीनशे बाराही जणांसाठी. त्याने लिहिलं, 'लांबवलेले उपचार आजच घ्या. दवाखान्यात जा.' बाकीच्या तीनशे अकरा जणांचे दुखरे दात निघायचे तर निघोत.

तीनला तो घरी पोचला. आई खुर्चीत, मोबाइल टेबलावर पालथा.

"वाचलंस?"

"वाचलं."

"मग बॅग भरतो."

"खुळा की काय! पाच महिने बिचारं एका शब्दावर ठाम होतं. उगाच गोड बोललं नाही, घाबरवलं नाही. आणि आज भरदुपारी पलटी? कुणीतरी घुसलंय त्यात."

"आई, ते पाच महिन्यांचं मी लिहिलंय. आजचंही मीच."

आईने चष्म्यावरून पाहिलं. "तू? तुझे शाळेतले निबंध ताई लिहून द्यायची."

त्याने लॅपटॉप उघडून दोन्ही चिन्हं शेजारी शेजारी लावली. "बघ. काही फरक दिसतोय?"

"नाही."

"तेच तर! दिसत नाही, पण—"

"मग भांडतोस कशाला?" आईला धाप लागली. ओठांच्या कडा निळसर झाल्या.

तेवढ्यात हॉस्पिटलातून फोन. "बेड ठेवू की सोडू? एक आजोबा वेटिंगवर आहेत."

"देऊन टाक त्यांना," आई म्हणाली. "गरज असेल बिचाऱ्यांना."

"येतोय आम्ही," तो फोनमध्ये म्हणाला. मग फोन खांद्याशी तसाच धरून तो खाली बसला आणि आईच्या पायात चप्पल सरकवू लागला.

आईने पायाची बोटं घट्ट मुडपून घेतली.