माझा चावलेला कोपरा

मी एक जुना झेड आहे. हो मित्रांनो, इंग्रजी अक्षरांच्या रांगेत अगदी शेपटाला उभा असतो ना, तोच. पण मी पुस्तकातला नव्हे, खेळातला. बोटाच्या पेरावर मावेल एवढा लाकडी ठोकळा, अंगावर अक्षर आणि कोपऱ्यात दहाचा आकडा. ए आणि ई या बिचाऱ्यांना एकेकच गुण, आणि भावंडं मात्र ढीगभर. पेटीत मी एकटाच! त्यामुळे जन्मापासून माझं नाक जरा वरच आहे, तेवढं गोड मानून घ्या.

कारखान्यात मला करवतीने कापलं, घासलं, गुळगुळीत केलं आणि एके दिवशी मी एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांच्या घरी आलो. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत. दर रविवारी जेवणं उरकली की टेबल पुसून पट मांडायचा, कापडी पिशवीत हात घालून न बघता अक्षरं काढायची आणि त्यांचे इंग्रजी शब्द जुळवायचे. शेवटी हातात उरलेल्या अक्षरांचे गुण कापले जात. हरेल त्याने सगळ्यांची भांडी घासायची, हा बाबांचा कायदा.

सुरुवातीला काय थाट होता माझा! बाबांनी ‘क्विझ’ लावला त्या दिवशी ते खुर्चीवरून उठून स्वतःसाठीच टाळ्या वाजवत होते. धाकटे काका एकदा ‘जॅझ’ लावायला निघाले. त्यात झेड दोन लागतात आणि मी एकटाच, हे ध्यानात येईपर्यंत त्यांनी सगळ्यांचं डोकं खाल्लं. पण बाकी वेळी मला घेऊन शब्द शोधताना भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळे.

मग घरात कुत्र्याचं पिल्लू आलं. एकदा मी टेबलाखाली पडलो आणि नेमका त्याला सापडलो! बाबांनी त्याच्या तोंडातून मला ओढून काढलं, तोवर माझा एक कोपरा चघळून झाला होता.

तेव्हापासून पिशवीत एक गंमत सुरू झाली. बाबांची बोटं यायची, माझ्या कोपऱ्याला लागायची आणि चटका बसल्यासारखी मागे व्हायची. मग काकांची. मग बाबांच्या लेकीची. ही युक्ती जगात आपल्या एकट्यालाच सुचली, असं तिघांनाही वाटे. अहो, मी आत बसून सगळं पाहत होतो! बोलता येत असतं तर एकेकाची खरडपट्टी काढली असती.

आणि आई? ती स्वयंपाकघरातून ओरडायची, “तुम्ही काढा, मी आलेच!” ती येऊन पिशवीत हात घाली तेव्हा तळाशी उरलेलो असायचो मी. बिचारी आठवडाभर तयारी करायची. कपडे वाळत घालताना पुटपुटायची, “लेझी, मेझ, प्राइझ, डोझ...” पण मी तिच्या हाती लागेपर्यंत पट भरलेला. दहा गुण कापले, की आई चालली भांडी घासायला.

“तुझं नशीबच खोटं गं!” बाबा म्हणायचे. वर पान खाऊन, मागे टेकून डुलकीही काढायचे. मला फार वाईट वाटे हो. मी दहाचा मानकरी, आणि त्या माउलीच्या पदरात निव्वळ खरकटी भांडी.

असाच एक रविवार उजाडला आणि लेकीने पसंत केलेला मुलगा घरी आला. जनावरांचा डॉक्टर होता, साधा, लाजरा. लेकीचा जीव टांगणीला लागलेला, कारण बाबांनी सकाळीच बजावलं होतं, “माणूस खेळताना कळतो. हो की नाही, ते खेळ झाल्यावर सांगेन.”

पाहुण्याचा मान म्हणून पिशवी आधी डॉक्टरसमोर धरली. त्याने हात घातला आणि पहिल्याच फटक्यात मला बाहेर काढलं. मी म्हटलं, संपलं याचं लग्न.

पण डॉक्टर मला उजेडात धरून खुलला. “अरे वा! हे पिल्लाच्या दुधाच्या दातांचं काम. काय सुंदर खुणा आहेत!” मग त्याने अंगठा फिरवला. “पण हा तर डोळे मिटूनही ओळखू येतो की. चालतं तुमच्याकडे?”

लेकीने टेबलाखालून त्याला लाथ मारली. काका छताकडे बघू लागले. आई ओल्या हातांनीच बाहेर आली, तिने मला घेतलं, डोळे मिटले आणि बोट फिरवलं.

“अगंबाई!” तिने तिघांकडे पाहिलं. “कोणाकोणाला माहीत होतं हे?”

बाबा काकांवर गरजले, “म्हणजे तुलाही माहीत होतं?”

झालं! चोराने स्वतःच दिवा लावला.

“इतकी वर्षं मी आपली नशिबाला बोल लावत भांडी घासतेय,” आई म्हणाली. बाबांची मान खाली गेली.

डॉक्टर पांढराफटक. “माझं काही चुकलं का?”

“तुम्ही बसा हो. या घरात खरं बोलणारं एक तरी माणूस हवंच होतं. माझ्याकडून लग्न पक्कं. ह्यांचं म्हणणं ह्यांची भांडी घासून झाली की ऐकू.”

मग ती पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी खेळायला बसली. डॉक्टरने मला तिलाच दिलं. तिने आपली अक्षरं काढली, बराच वेळ बघितली आणि मोकळ्या पटाच्या मधोमध मला धरून शब्द लावला, ‘लेझी’. नजर मात्र बाबांवर.

“शब्द बरोबर आहे,” बाबा पुटपुटले आणि बाह्या वर करून मोरीकडे गेले. तिथूनच ओरडले, “पोरगा चांगला आहे!”

काका नवी पेटी आणायची म्हणत होते, पण आईने साफ नकार दिला. आता पिशवीत पहिला हात तिचा असतो आणि तिची बोटं मला मुद्दाम शोधत येतात. लबाडी आहे, पण कोणाची बोलायची टाप नाही.

मित्रांनो, कोपरा उडाला म्हणून जुनं अक्षर फेकून देऊ नका. आणि खेळायला बसाल तेव्हा एवढंच बघा, पिशवीत सगळ्यात शेवटी हात कोणाचा जातो.