आठ तारा

"बाबा, पुरे आता. मी ऑफिसजवळ खोली बघते," मुलगी दारातून म्हणाली.

बाप टेबलाखाली पालथा पडला होता. तिथूनच त्याने विचारलं, "आता वेग किती येतोय?"

"अकराच. शंभराच्या वर हवा."

आई गेल्यावर मुलगी बापाकडे राहायला आली होती. आईच्या खोलीत बसून ती व्हिडिओ जुळवायचं काम करायची. फाइली तिथून भिंतीतल्या वायरने हॉलमधल्या साठवणीच्या डब्यात जायच्या आणि तिथून ऑफिसला. एकेक फाइल जायला अख्खी दुपार खायची. ऑफिसने बजावलं होतं, हे सुधारत नसेल तर इकडे येऊन काम कर. ऑफिस होतं दुसऱ्या शहरात. ती गेली तर घरात बाप एकटाच उरणार होता. पण 'जाऊ नकोस' असं म्हणेल तर तो बाप कसला. तो टेबलाखाली शिरला.

त्याची सगळी नोकरी टेलिफोनच्या लाइनमनची. बिघाड सापडल्याशिवाय जेवायचं नाही, ही खोड निवृत्तीनंतरही गेली नव्हती. त्याने दोन्ही टोकांच्या छोट्या वायरी बदलल्या, शेजाऱ्याचा राउटर मागून आणला. शेवटी तिचा कॉम्प्युटर उचलून थेट डब्याशेजारी जोडला, तर वेग एकदम शंभराच्या वर गेला.

"म्हणजे कॉम्प्युटर आणि डबा, दोन्ही धडधाकट आहेत. दोष भिंतीत आहे," कॉम्प्युटर परत खोलीत नेऊन ठेवत तो म्हणाला.

"मग ही वायर जिथे जोडलीय ती स्वयंपाकघरातली जोडपेटी उघडा ना. सकाळपासून सगळं घर उघडलंत, तेवढी सोडून."

पेटीत काय आहे हे बापाला पक्कं ठाऊक होतं, कारण ते त्यानेच केलं होतं. तरी त्याने स्क्रू काढले.

वायरीत आठ तारा. चारांवर नेट चाललं होतं. उरलेल्यांपैकी दोन वर फळीवरच्या घंटीला गेल्या होत्या. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्या उशाशी बटण हवं होतं, म्हणून त्याने या तारा फोडून घेतल्या होत्या.

"पूर्ण वेगाला आठही लागतात," मुलगी हळूच म्हणाली. "राहू द्या बाबा. बाहेरून दुसरी वायर ओढू."

"चांगली वायर असताना? ज्याला गरज आहे त्याला लाइन द्यायची."

त्याने पक्कड उचलली आणि थांबला. तार कापण्याआधी लाइनवर कोणी नाही ना, हे बघायचं. हा नियम त्याने जन्मभर पाळला होता.

"खोलीत जा. बटण दाब."

"आता कशाला?"

"तपासल्याशिवाय कापत नाही मी."

ती गेली. फळीवरची घंटी वाजली.

"आलो गं," बाप म्हणाला.

चांगलं मोठ्याने म्हणाला. खोलीत मुलीला ते ऐकू गेलं. बटणावरचं बोट तिला लगेच उचलवेना. मग घंटी थांबली. लाइनवर कोणी नव्हतं. त्याने दोन्ही तारा कापल्या आणि आठही तारा रंगांनुसार ओळीने लावून पक्क्या दाबल्या.

"बाबा, एकशे दहा," थोड्या वेळाने खोलीतून हाक आली.

या वेळी त्याने ओ दिली नाही. तो ओट्याला टेकून रडत होता, आणि पक्कड अजून हातातच होती.